वैशाखातले वादळ आणि उपनगरांचा अर्धा तास

मुंबईच्या माणसाची पावसाची दिशा ठरलेली आहे. ज्येष्ठ लागला, अंगाची काहिली सोसवेनाशी झाली, की त्याची नजर आपोआप पश्चिमेकडे, समुद्राकडे वळते. मेघ तिकडून यावयाचे, वारा तिकडून फिरावयाचा आणि मृगाची पहिली सर तिकडूनच चालत यावयाची, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वैशाखातले वादळ मात्र पाठीमागून येते. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर या पूर्व उपनगरांत ज्यांची हयात गेली, त्यांनी हे अनेकदा पाहिले आहे, की एखाद्या कुंद दुपारी मिठागरांच्या आणि खाडीच्या पलीकडे, पारसिकच्या डोंगरामागे, मलंगगड-माथेरानच्या अंगाला एक ढग उभा राहतो, त्याचा शुभ्र माथा तासाभरात सपाट होऊन ऐरणीसारखा पसरतो, तळ शिशासारखा काळवंडतो, आणि मग वारा काही क्षण अगदी पडून जातो न जातो तोच धुळीची एक भिंत ठाण्याकडून चालून येते.

सोमवार, दिनांक १३ मे २०२४ रोजी हेच घडले. मी त्या वेळी मुलुंडला घरी होतो. समोरची सात मजली इमारत धुळीत दिसेनाशी झाली आणि खिडकीची तावदाने आवळून धरावी लागली, एवढेच त्या पहिल्या पाच मिनिटांचे मला स्मरते. बाहेर काय झाले ते संध्याकाळी कळले. ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यान रेल्वेच्या ओव्हरहेड तारांचा खांब वाकून मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत झाली. विमानतळावरील ये-जा सुमारे तासभर तहकूब करून पंधरा विमाने अन्यत्र वळवावी लागली. वडाळ्यास बांधकाम चालू असलेला वाहनतळाचा लोखंडी मनोरा भर रस्त्यावर आडवा झाला. आणि साडेचारच्या सुमारास घाटकोपरला छेडानगराजवळ, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या एका पेट्रोल पंपावर, १२० फूट रुंद व १२० फूट उंच असा जाहिरातीचा फलक मुळासकट उपटून पडला. खाली पेट्रोल भरावयास आलेली आणि पावसापासून आडोसा शोधणारी माणसे होती. त्यांतील १७ जणांचा अंत झाला, सत्तरांहून अधिक जखमी झाले, आणि ढिगारा उपसण्याचे काम दोन दिवसांहून अधिक काळ चालले.

त्यानंतर फलकाचा परवाना, त्याचा मालक, जागेचा ताबा आणि जबाबदारी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहिले जाणे आवश्यकच होते. परंतु एक प्रश्न त्या गदारोळात मागे पडला, व त्याचाच आढावा येथे घ्यावयाचा आहे: असे वादळ येणार हे कोणाला, किती आधी आणि किती निश्चितपणे कळू शकते, जे कळते ते उपनगरातल्या माणसापर्यंत केव्हा पोहोचते, आणि विज्ञानाची हद्द कोठे संपून कारभाराची कोठे सुरू होते.

प्रथम शब्दांची व्यवस्था लावली पाहिजे, कारण आपल्याकडे जोराचा वारा सुटला की त्यास सरसकट ‘चक्रीवादळ’ म्हणण्याची सवय जडली आहे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते, कित्येक दिवस जगते, आणि म्हणूनच त्याची खबर तीन-चार दिवस आधी देता येते. १७ मे २०२१ रोजी किनाऱ्यावरून गेलेले ‘तौक्ते’ हे त्या जातीचे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यात मोकळ्या मैदानावर पाचोळा गरगरवणारी वावटळ असते. निरभ्र आकाशात ती उठते आणि दोन मिनिटांत विरते. या दोहोंच्या मधले, दहा-वीस किलोमीटर व्याप्तीचे आणि तासा-दोन तासांच्या आयुष्याचे, ते गडगडाटी वादळ. ते सौम्य असले की आपण त्यास कौतुकाने वळीव म्हणतो, मातीचा वास घेतो, आणि पहिल्या गारा परकरात वेचणाऱ्या मुलींकडे पाहून सुखावतो. त्याच वादळातून जो आकस्मिक, मिनिट-दोन मिनिटे किंवा त्याहून अधिक टिकणारा जबरदस्त वारा सुटतो त्यास शास्त्रकार चंडवात म्हणतात. आणि ढगाच्या तळापासून भूमीपर्यंत सोंडेसारखा लोंबणारा, स्वतःभोवती भयानक वेगाने फिरणारा जो स्तंभ, तो घूर्णवात, म्हणजे टॉर्नेडो. घाटकोपरास जे आले तो चंडवात होता. हा भेद केवळ पंडिती नव्हे, कारण प्रत्येकाची पूर्वसूचना देण्याची मुदत निराळी आहे, आणि एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली की वेधशाळेवर अन्याय होतो व नागरिकाची फसवणूक होते.

गडगडाटी वादळास तीन गोष्टी लागतात: खालच्या थरात बाष्प, वर थंड व कोरडी हवा, आणि खालच्या हवेस वर ढकलणारे काही तरी निमित्त. मुंबईच्या उपनगरांत पहिल्या वस्तूची वाण कधीच नसते. दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरून खारा वारा आत शिरतो आणि अंधेरी, घाटकोपर ओलांडून तो कल्याण-बदलापुराच्या दिशेने सरकत जातो. परंतु हा वारा उथळ असतो. त्याच्या डोक्यावर तापलेल्या, कोरड्या हवेचे एक झाकण बसलेले असते, आणि त्या झाकणामुळेच मे महिन्यात आपण घामाने निथळतो आणि आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो. हे झाकण ज्या दिवशी, ज्या ठिकाणी फुटते, तेथे वादळ जन्मते; आणि ते बहुधा सह्याद्रीच्या पायथ्याशी फुटते, कारण तेथे भूमी चाळीस अंशांपर्यंत तापलेली असते, डोंगर वाऱ्यास वर चढावयास लावतो, आणि समुद्राकडून आलेली ओली हवा देशावरून उतरणाऱ्या कोरड्या हवेस तेथेच भिडते. मग प्रश्न उरतो तो ढग कोणीकडे चालणार याचा. वरच्या थरातले वारे पश्चिमेचे असतील तर तो घाट चढून पुणे-नगराकडे जातो आणि आपण केवळ क्षितिजावरच्या विजा पाहतो; ज्या दिवशी ते वारे पूर्वेचे असतात त्या दिवशी तोच ढग मुरबाड-बदलापुराहून निघून ठाणे, मुलुंड, घाटकोपर असा मार्ग धरतो. राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर साडेचारशे मीटरांहून फारसे उंच नाहीत. वीस-बावीस हजार हात चढलेल्या ढगास ते अडवू शकत नाहीत, आणि बोरिवलीकरांनी त्यांच्या भरवशावर राहू नये.

या वादळातला घातक भाग वरून खाली येणाऱ्या हवेचा आहे. ढगातून सुटलेला पाऊस खालच्या कोरड्या थरातून पडताना वाटेतच वाळू लागतो, वाळताना भोवतालच्या हवेची उष्णता शोषून घेतो, आणि ती थंड, जड झालेली हवा उंचावरून घागर उपडी करावी तशी जमिनीवर कोसळून चहूकडे पसरते. पाऊस येण्याच्या आधी अंगावर येणारा जो गार झोत आपल्याला क्षणभर सुखद वाटतो, तो या पसरणाऱ्या हवेची आघाडी होय, आणि मोडतोड जी होते ती पुष्कळदा त्या आघाडीतच होते. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरता उतरता एक विमान कोसळले, त्याची चिकित्सा करताना शिकागोचे जपानी वंशाचे शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी या अधोगामी झोताचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले. तोपर्यंत अशा पडझडीचे खापर टॉर्नेडोवर किंवा वैमानिकावर फोडले जाई.

आता टॉर्नेडोविषयी. त्याचे खरे माहेर अमेरिकेच्या मध्यभागीची विस्तीर्ण मैदाने होत. मेक्सिकोच्या आखातावरील बाष्प, रॉकी पर्वतावरून उतरणारी कोरडी हवा आणि उंचीगणिक दिशा व वेग बदलणारे वारे यांचा तेथे वसंत ऋतूत जो संगम होतो, तसा जगात फार थोड्या ठिकाणी होतो. त्या थोड्या ठिकाणांपैकी एक आपल्या शेजारी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बंगालच्या सपाट मुलखात चैत्र-वैशाखात जी ‘कालबैशाखी’ उठते तिच्या पोटातून कधी कधी टॉर्नेडो निघतो. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया भागात निघालेल्या टॉर्नेडोने सुमारे तेराशे माणसे मारली, आणि टॉर्नेडोच्या इतिहासातील सर्वांत प्राणघातक म्हणून त्याचीच नोंद आहे. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीच्या उत्तर भागात टॉर्नेडो आला होता. ३१ मार्च २०२४ रोजी, म्हणजे घाटकोपरच्या आधी जेमतेम सहा आठवडे, बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात मैनागुडीच्या परिसरात काही मिनिटांत घरे भुईसपाट झाली.

मुंबईस हा धोका कितपत आहे? माझे मत असे, की तो नगण्य नसला तरी फार थोडा आहे. टॉर्नेडोस नुसते बाष्प व उष्णता पुरत नाही. ढगास फिरवणारा, उंचीबरोबर झपाट्याने बदलणारा वारा लागतो, आणि मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर तसे वारे क्वचितच जुळून येतात. म्हणून मोबाईलवर ‘मुंबईत टॉर्नेडो’ अशा मथळ्याखाली फिरणाऱ्या चित्रांनी भयभीत होण्याचे कारण नाही. भ्यावे ते सरळ रेषेत येणाऱ्या झोताला. तो दरवर्षी येतो, कोठे तरी येतो, आणि महाराष्ट्रात तो माणसे मारतो. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे अशाच वादळात एक वृक्ष मंदिराच्या पत्र्याच्या मंडपावर कोसळून सात भाविक दगावले. वऱ्हाडातल्या पत्र्याच्या मंडपास आणि घाटकोपरच्या लोखंडी फलकास पाडणारी शक्ती एकच होती.

वादळाचे भाकीत करण्याची आकांक्षा आपल्याकडे प्राचीन आहे. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे सांगितली आणि पडलेला पाऊस मोजण्याचे मापही सांगितले, सहदेव-भाडळीच्या नावावर चालणारी वचने आपल्या शेतकऱ्याच्या जिभेवर आजही आहेत, पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहिल्यावाचून पेरणीचा विचार न करणारी घरे अजून आहेत. या सर्वांस मी भाबडेपणा म्हणणार नाही, कारण आकाशाकडे रोज पाहण्याची शिस्त त्यांतून लागली. परंतु भाकीत खरे ठरले की खोटे, याची नोंदवही त्यांनी ठेवली नाही, आणि आधुनिक शास्त्राचा जन्म त्या नोंदवहीतूनच झाला आहे.

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रकरण मनन करण्याजोगे आहे. तेथील लष्करी सिग्नल दलातील जॉन फिन्ली नावाच्या अधिकाऱ्याने १८८४ साली टॉर्नेडोची भाकिते करण्याचा प्रयोग केला. एकंदर २,८०३ भाकिते झाली, आणि त्यांपैकी शेकडा ९६.६ बरोबर ठरली, असे त्याने जाहीर केले. आकडा दिपवणारा होता. त्याच वर्षी गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने त्याचा हिशेब उलगडून दाखविला: ‘टॉर्नेडो येईल’ असे फिन्लीने शंभर वेळा म्हटले होते, त्यांपैकी तो आला २८ वेळा, ५१ टॉर्नेडो प्रत्यक्षात आले, त्यांपैकी २३ न सांगता आले, आणि ‘आज टॉर्नेडो येणार नाही’ एवढेच वाक्य रोज डोळे मिटून म्हणणारा मनुष्य शेकडा ९८.२ वेळा बरोबर ठरला असता. विरळ घटनेचे भाकीत कसे जोखावे याचे शास्त्र या टीकेपासून सुरू झाले. पुढे लवकरच तेथील सरकारने भाकितांत ‘टॉर्नेडो’ हा शब्द वापरण्यास मनाई केली, ती कित्येक दशके टिकली. लोक घाबरतील अशी भीती होती. मग २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी हवामानतज्ज्ञांनी धाडस करून इशारा दिला, विमाने आत घेतली गेली, आणि त्याच सायंकाळी टॉर्नेडो खरोखरच त्या तळावरून गेला. आज त्या देशात रडारांचे दाट जाळे आहे, नॉर्मन येथे केवळ तीव्र वादळांसाठी स्वतंत्र केंद्र आहे, आणि तरीसुद्धा विशिष्ट गावास टॉर्नेडोची सूचना मिळते ती सरासरी दहा-बारा मिनिटे आधी. जगातील सर्वांत संपन्न व्यवस्थेची मजल ही आहे. मुंबईच्या वेधशाळेकडून काय मागावयाचे ते ठरवताना हा दाखला समोर ठेवावा.

आपली वेधशाळा तशी नवी नव्हे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, खुद्द भारतीय हवामान खात्याहूनही एकोणपन्नास वर्षांनी वडील. खाते १८७५ साली स्थापन झाले आणि १९२८ साली त्याचे मुख्य दप्तर सिमल्याहून पुण्यास आले. परंतु कुलाबा हे बेटाचे दक्षिण टोक. शहर उत्तरेकडे वाढत गेले, लोकवस्तीचा मध्य अंधेरी-घाटकोपरच्या पलीकडे सरकला, आणि ‘मुंबईचे हवामान’ म्हणजे कुलाबा व सांताक्रूझ या दोन ठिकाणांचे आकडे, हा रिवाज मात्र दीर्घकाळ तसाच राहिला. या रिवाजाचा फोलपणा २६ जुलै २००५ रोजी उघडा पडला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्यास ७३ मिलिमीटर. दोहोंतील अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आत. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांना आपली घरे पाण्याखाली जात आहेत याची दुपारी चार वाजेपर्यंत कल्पनाही नव्हती, आणि ती माणसे छत्री घेऊन नेहमीच्या गाडीला निघाली. साकीनाक्याजवळ दरड कोसळून एकाच वस्तीत सत्तरांच्या आसपास लोक गाडले गेले. तो प्रसंग पावसाचा होता, वाऱ्याचा नव्हता. परंतु त्यातला धडा वादळासही लागू आहे, की आकाशातली संकटे जिल्ह्याच्या किंवा महानगरपालिकेच्या हद्दी पाहून येत नाहीत, त्यांचा पल्ला दोन-तीन रेल्वे स्थानकांएवढा असतो, आणि इशारा त्या मापाचा नसेल तर तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

माधवराव चितळे समितीने त्या महापुराची चिकित्सा केली. पुढे कुलाब्यास डॉप्लर रडार आले, आणि १४ जानेवारी २०२२ रोजी अंधेरी-जोगेश्वरीच्या अंगास वेरावली येथे दुसरे रडार कार्यान्वित झाले. डॉप्लर रडाराचे मर्म असे, की ढगावर आदळून परतलेली लहर केवळ पाऊस किती आहे एवढेच सांगत नाही, तर तो पाऊस रडाराकडे येत आहे की दूर जात आहे, आणि किती वेगाने, हेही तिच्या बदललेल्या कंपनांवरून कळते. म्हणजे वारा डोळ्यांना दिसू लागतो. कुलाब्याची लहर दहा सेंटिमीटरांची, वेरावलीची सुमारे पाच सेंटिमीटरांची. लहान लहर मुसळधार पावसात क्षीण होते, म्हणून एका रडाराने दुसऱ्याची उणीव भरून काढावयाची असते, आणि दोन्ही एकाच वेळी चालू असणे ही चैन नसून निकड आहे. विजांची नोंद घेणारे जाळे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने उभारले आहे, आणि ‘दामिनी’ नावाचे तिचे ॲप आपल्या वीस व चाळीस किलोमीटरांच्या टापूत वीज पडत असल्यास मोबाईलवर सांगते. मुलुंडहून बदलापूर या टापूत येते. वैशाखात हे ॲप जवळ बाळगावे, अशी माझी वाचकांस विनंती आहे.

गणिती प्रतिमानांचीही प्रगती मोठी आहे. २६ मे २०२५ रोजी, म्हणजे योगायोगाने ज्या दिवशी मोसमी पाऊस मुंबईत १९५० नंतरच्या सर्वांत लवकरच्या तारखेस दाखल झाला त्याच दिवशी, सहा किलोमीटरांच्या चौकटींचे ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे प्रतिमान देशास अर्पण झाले. पूर्वीची चौकट बारा किलोमीटरांची होती. सहा किलोमीटर म्हणजे ढोबळ मानाने घाटकोपर ते भांडुप. या चौकटीत वादळाचा ढग एका ठिपक्यासारखा मावतो, त्याचे अंतरंग दिसत नाही. ‘उद्या दुपारी ठाणे-रायगडात वादळास अनुकूल स्थिती आहे’ हे त्यावरून विश्वासाने म्हणता येते, ‘उद्या चार वाजता छेडानगरात’ हे म्हणता येत नाही, आणि नजीकच्या काळात म्हणता येईल असे मला वाटत नाही.

एका लहानशा गोष्टीकडे मात्र मी मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. हवेच्या वरच्या थरांचे मापन करणारा फुगा जगभरच्या रिवाजाप्रमाणे आपल्याकडील पहाटे साडेपाच व सायंकाळी साडेपाच या वेळांसाठी सोडावयाचा असतो. पहाटेचा फुगा सांताक्रूझवरून चढतो तेव्हा भूमी थंडावलेली असते, खारा वारा सुटलेला नसतो, आणि वर सांगितलेले झाकण घट्ट बसलेले असते; त्या मापनावरून दुपारच्या वादळाचा अंदाज बांधणे म्हणजे भल्या सकाळी बाजार पाहून दुपारचा भाव सांगणे होय. सायंकाळच्या मापनाची वेळ येते तेव्हा वादळ बहुधा होऊन गेलेले असते. १३ मे रोजी फलक पडून एक तास झाला होता. एप्रिल-मे महिन्यांत, ज्या दिवशी लक्षणे दिसतील त्या दिवशी, दुपारी बारा-एकच्या सुमारास एक जादा फुगा सोडण्याची तजवीज झाली, आणि तो शक्य तर कल्याणच्या बाजूस सोडता आला, तर अंदाजात मोठा फरक पडेल. खर्चाच्या मानाने याहून फलदायी सुधारणा मला दिसत नाही.

इशाऱ्याची दुसरी बाजू तो पोहोचण्याची. वेधशाळेने १३ मे रोजी दुपारी गडगडाट व वादळी वाऱ्याचा अल्पकालीन इशारा दिला होता. तो दिला नव्हता, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. परंतु इशारा जिल्ह्यास दिला जातो. मुंबई उपनगर जिल्हा वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेला आहे, आणि उन्हाळ्यात-पावसाळ्यात त्यास पिवळा किंवा नारिंगी रंग इतक्या वेळा लागतो, की अंधेरीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचे त्याकडे लक्ष जात नाही. २२ मे २०११ रोजी अमेरिकेतील जोप्लिन शहरात टॉर्नेडोने १५८ माणसे मारली; भोंगे वेळेवर वाजले होते, परंतु ते वारंवार वाजत म्हणून बहुतेकांनी पहिला भोंगा ऐकून काहीच केले नाही, दुसऱ्या कशाने तरी खात्री पटण्याची वाट पाहिली, असे तेथील चौकशीत निष्पन्न झाले. माणूस सर्वत्र सारखाच आहे. त्यास त्याच्या गल्लीपुरती गोष्ट सांगितली तर तो हलतो.

वैशाखातल्या वादळाच्या बाबतीत तशी सांगण्याजोगी गोष्ट आपल्याजवळ असते, हे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे. पूर्वेकडून येणारा ढग बदलापूर, कल्याण, डोंबिवली, ठाणे अशा दाट वस्तीवरून येतो. त्याची आघाडी कल्याणला पोहोचली की तेथील झाडे पडतात, तेथील तापमान काही मिनिटांत खाली येते, तेथील वायुवेगमापकाचा काटा उसळतो, आणि ती मुलुंडला पोहोचेपर्यंत बहुधा अर्धा तास तरी जातो. हा अर्धा तास उपनगरांची ठेव आहे. त्यात शहर रिकामे करता येणार नाही. पण बांधकामावरील क्रेन थांबवून तिचा हात मोकळा सोडता येतो, परांचीवरचे मजूर खाली उतरवता येतात, फलकाखालचा पेट्रोल पंप बंद करता येतो, शाळेतली मुले मैदानातून वर्गात घेता येतात, मोटरमनला सावध करता येते. कल्याणची नोंद महापालिकेच्या आपत्कालीन कक्षात, व कक्षातून विभाग कार्यालयात, कोणाच्याही सहीची वाट न पाहता, त्याच मिनिटास गेली पाहिजे. पुराच्या बाबतीत अशी व्यवस्था १२ जून २०२० पासून ‘आयफ्लोज’ या नावाने सुरू झालेली आहे. वाऱ्यासाठी तिची भगिनी निर्माण करणे अशक्य नाही.

आणि तरीही सर्व भार अंदाजावर टाकणे योग्य होणार नाही. घाटकोपरच्या फलकाची तांत्रिक तपासणी माटुंग्याच्या व्हीजेटीआय या संस्थेने केली. मुंबईतील अशा उभारणीने ताशी १५८ किलोमीटर वेगाचा वारा सोसला पाहिजे, असा दंडक आहे. त्या दिवशीच्या वाऱ्याचा वेग अहवालात ताशी ८७ किलोमीटर धरला आहे. आणि मजकूर फलकाचा पाया जेमतेम ४९ किलोमीटर सोसू शकेल असा निघाला. पालिकेच्या नियमाप्रमाणे फलक ४० फूट बाय ४० फुटांहून मोठा असावयास नको होता. या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. ८७ किलोमीटरांचा झोत मुंबईच्या वैशाखात अघटित नव्हे. तो पुन्हा येईल, आणि ४९ किलोमीटरांच्या पायावर उभी असलेली वस्तू कोणत्याही रडाराने उभी राहणार नाही. नियमाप्रमाणे बांधलेल्या शहरात इशारा हा प्राण वाचविण्याचा शेवटचा उपाय असतो; नियम मोडून बांधलेल्या शहरात तो एकमेव उपाय होऊन बसतो, आणि तेवढे ओझे अर्ध्या तासाच्या सूचनेस पेलत नाही.

म्हणून हवामान खाते आणि महानगरपालिका या दोहोंजवळ एक मागणी नोंदवून थांबतो. दरवर्षी जून लागण्यापूर्वी, मार्च ते मे या महिन्यांत उपनगरांसाठी दिलेल्या वादळाच्या प्रत्येक इशाऱ्याचा हिशेब विभागवार छापून जाहीर करावा: मुलुंड, भांडुप, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली यांस किती वेळा इशारा दिला, त्यांपैकी वादळ किती वेळा आले, किती वेळा न सांगता आले, आणि इशारा निघाल्यापासून विभाग कार्यालयात पोहोचेपर्यंत किती मिनिटे गेली. फिन्लीच्या २८ आणि २३ या आकड्यांप्रमाणे हे आकडे पहिल्या वर्षी निराशाजनक निघण्याचा संभव आहे. तरी ते छापावेत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा छापावेत.